दगड कुठे बसणार

४ जानेवारी

शाळा सोडताना दुरेघी वह्यांचा गठ्ठा तेवढा उचलून आणला. छत्तीस वह्या आहेत. सुलेखन हा विषयच बंद झाल्यावर त्या कोणाला हव्या होत्या? "बाई, आता मुलं लिहीत नाहीत, बटणं दाबतात," असं म्हणून मुख्याध्यापक स्वतःच्याच विनोदावर हसले. बावीस वर्षं मी तिथे मुलांच्या वेलांट्या वळणावर आणल्या आणि शेवटी मला काम काय दिलं, तर वाचनालयातल्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचं. मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. त्याचं अक्षर पाहून तरी त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तर आता मी अठ्ठेचाळीस वर्षांची बिनकामाची बाई आहे आणि भावाच्या घरात माडीवरच्या खोलीत राहते. आज जेवताना दादाला सांगितलं, "मी खाली कारखान्यात येणार. मला दगडावर अक्षर कोरायला शिकव."

दादाचा घास हातातच राहिला. मग त्याला खोकला आला. आमच्याकडच्या पुरुषांना अडचणीच्या प्रश्नावर हमखास खोकला येतो. बाबांनाही यायचा.

"या वयात?"

"वय माझं आहे. तू फक्त टाकी दे."

"हात जाईल तुझा."

"जाऊ दे. लिहायला आता कोण बोलावतंय?"

वहिनी म्हणाल्या, "शिकवा की हो. वन्सं दिवसभर माझ्या स्वयंपाकावर शेरे मारतात, त्यापेक्षा बरं."

कारखाना म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण. आजोबांनी तिथे नावं कोरली, मग बाबांनी, आता दादा कोरतो. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, आणि मुख्य म्हणजे गेलेल्या माणसांच्या नावांचे दगड. सगळ्या गावाची नावं आमच्या घरातून कोरून गेली आहेत. मला मात्र कोणी शिकवलं नाही. अकरा वर्षांची असताना मी एका फुटक्या दगडावर 'क' कोरला होता. चांगला कोरला होता. बाबांनी माझ्या हातातून टाकी हिसकावून घेतली आणि म्हणाले, "हे तुझं काम नाही. परत इथे दिसलीस तर तंगडी मोडीन." तेरा वर्षांचा दादा मागे उभा राहून तोंड वाकडं करून हसत होता. सदतीस वर्षं झाली, ते हसू मी विसरलेले नाही.

बाबांच्या नावाचा दगड अजून बसलेला नाही. बारा जूनला त्यांना जाऊन वर्ष होईल, त्याच्या आत बसवायचा आहे. तो दगड मी कोरणार. हे मात्र दादाला आज सांगितलं नाही. एका वेळी एकच खोकला पुरे.

६ जानेवारी

पहिला दिवस. मला अंगणात, पत्र्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी बसवलं. दादा स्वतः आतल्या खोलीत, दार लावून. मी म्हटलं, "आत उजेड चांगला आहे. खिडकी डाव्या हाताला आहे. मला तिथे बसव."

"तुझी जागा बाहेर."

वा! पाहुणे ओसरीवर.

काना काढायला दिला. एक उभी रेघ. दगड सारखा ओला करायचा आणि मग एका अंगाने टाकी तिरकी धरून मारत यायचं, मग दुसऱ्या अंगाने, म्हणजे मधे पन्हळीसारखी धारदार खाच पडते. ऐकायला सोपं आहे. माझा काना असा झाला की पहिलीतल्या मुलाने काढला असता तर मी त्याला घरी पाठवलं असतं. अंगठ्यावर दोन फटके बसले. दादाने पाहिलं आणि म्हणाला, "रेघबाई, अजून नव्याण्णव काढा."

रेघबाई हे शाळेतल्या मुलांनी मला ठेवलेलं नाव. ते त्याला कोणी सांगितलं, मला माहीत आहे. वहिनींच्या पोटात काही राहत नाही.

१९ जानेवारी

काना, काना, काना. मनगट सुजलं आहे. दोन आठवड्यांत एक पूर्ण अक्षर कोरलेलं नाही.

आज मी आतली खोली झाडायला गेले तर दादा अंगावर धावून आला. "केरसुणी ठेव! आत यायचं नाही सांगितलं ना?" मग स्वतः खोलीत पाणी मारलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि झाडत बसला. कचरा काढायच्याही लायकीची नाही मी. फरशीवर असं कोणतं गुपित सांडलं होतं, देव जाणे. वरून सांगतो की कामाचे कपडे वर माडीवर न्यायचे नाहीत, इथेच पिंपापाशी धुवायचे. जणू मी विटाळ घेऊन फिरते.

भावाचं हे रूप मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं माझ्या अक्षराची बक्षिसं भिंतीवर लागली, ती त्याला सलत असणार. दुसरं काय?

२ फेब्रुवारी

आज एक बाई नवऱ्याच्या नावाचा दगड सांगायला आल्या. मी उत्साहाने वही काढली, नाव विचारणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "दगड कुठे बसणार?"

त्या गोंधळल्या. "म्हणजे... बसवू कुठेतरी. बागेत."

"बागेत कुठे? झाडाखाली? तोंड कुठल्या बाजूला?"

त्यांना काही सांगता येईना. मग दादा म्हणाला, "मी येऊन जागा बघतो, मग बोलू." नाव विचारलंच नाही! माणूस गेलाय त्यांचा आणि हा झाडं मोजतोय. प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच. मग सकाळी एकदा जायचं, दुपारी एकदा, चारला एकदा, आणि नुसतं उभं राहून परत यायचं. एका दगडामागे एक दिवस असा जातो. वाटेत चहाचं दुकान आहे, हा निव्वळ योगायोग. काम टाळायचं तर बाबाही असेच जागा बघायला जायचे.

मी वहिनींना म्हटलं, "असा धंदा केला तर दगड माणसाआधी झिजेल." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना जरा मोकळ्या हवेत."

२१ फेब्रुवारी

आज 'ग' जमला. खरंच जमला. दादाने बोट फिरवून पाहिला आणि काही बोलला नाही. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

एक गोष्ट शिकले, ती लिहून ठेवते. शिरोरेघ शेवटी कोरायची. कागदावरही मी मुलांना हेच शिकवायचे, पण दगडात त्याला कारण आहे. खालची अक्षरं कमीजास्त झाली तर रेघ तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी वर-खाली करून सावरून घेता येते. आधी रेघ मारून बसलात तर सावरायला काही उरत नाही. दुसरी गोष्ट, रंग भरायचा नाही. बाजारातले लोक अक्षरांत काळा रंग भरतात. बाबा म्हणायचे, रंग भरला म्हणजे कबूल केलं की कोरता आलं नाही.

दादाचा दमा वाढला आहे. आजोबांना होता, बाबा त्यानेच गेले, आता हा. दमा आमच्या घराण्यात वारशानेच येतो, तोही पुरुषांनाच. कारखानाही त्यांचा, दमाही त्यांचा. बायकांच्या वाट्याला काही म्हणून ठेवलेलं नाही.

९ मार्च

आज विचारलं. सरळ विचारलं. "बाबांचा दगड मी करते."

दादा टाकीला धार लावत होता. हात थांबला नाही. "अजून नाही."

"का? अक्षर बसत नाही माझं?"

"अक्षर तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ते कागदावरचं आहे. कागदाला जाडी नसते."

"मग कधी?"

"पुढच्या वर्षी."

"वर्ष जूनला भरतंय, दादा."

"बाबांना घाई नाही," तो म्हणाला आणि खोकत आत गेला. दार लावून घेतलं.

मी अंगणात बसून राहिले. रडले असं लिहीत नाही, पण दगड आज पिंपातून पाणी न घेताही ओला झाला. मला कळून चुकलं आहे. बाबांनी जे दिलं नाही ते हाही देणार नाही. एकाने हिसकावून घेतलं, दुसरा गोड बोलून हातात पडू देत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे घाव मी सोसते आहे आणि देव आत दार लावून बसला आहे.

२७ मार्च

दादाला दवाखान्यात ठेवलं. काल जिना चढताना मधेच बसला, ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले दोन-तीन आठवडे तरी लागतील. वहिनी तिथेच राहणार आहेत.

मी भेटायला गेले तेव्हा नाकाला नळी होती. मला पाहून पहिलं वाक्य, "आतल्या खोलीत जाऊ नकोस." आजारपणातही किल्ली सोडवत नाही माणसाला! मी "बरं" म्हटलं.

किल्ली खुंटीला आहे.

२९ मार्च

आतल्या खोलीत बसले. डाव्या हाताच्या खिडकीतून काय सुंदर उजेड येतो! कडेने येतो आणि प्रत्येक खाचेत सावली भरतो. बाबांनीच निवडून ठेवलेला राखाडी दगड भिंतीला टेकून होता. गेरूने नाव आखलं. कुंचला हातात आला आणि शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा मला माझे हात ओळखीचे वाटले.

पाणी मारलं की गेरू धुऊन जातो. म्हणून कोरडंच कोरायला घेतलं. फार हलक्या हाताने, बारीक, उथळ. माझं अक्षर नाजूक आहे, ते दादासारखं नांगरून काढायचं नाही.

१४ एप्रिल

झालं. शिरोरेघ आज सकाळी पूर्ण केली. खिडकीपाशी उभा करून पाहिला. मी स्वतःची स्तुती करत नाही, पण एवढा देखणा दगड या घरातून गेलेला नाही. एका कान्याचं टोक जरा डावीकडे वळलं आहे, बावीस वर्षांच्या लिहिण्याची सवय. राहू दे. माझी सही समजा.

घरच्या रिवाजाप्रमाणे ठसा घेतला. दगडावर पातळ कागद ताणून वरून शिशाची कांडी घासायची, म्हणजे कोरलेलं पांढरं राहतं आणि बाकीचं काळं होतं. प्रत्येक दगडाचे दोन ठसे कपाटात ठेवतात, एक कारखान्यात घेतलेला आणि एक दगड बसल्यावरचा. पहिला ठेवला. बाबा, बघा. हे माझं काम नव्हतं म्हणे.

१८ एप्रिल

गवंडी बोलावून दगड बसवून घेतला. दादा परवा घरी येतोय, त्याच्या आत उरकायचं होतं. एकदा बसलेला दगड कोण उपटणार?

गावातल्या गेलेल्यांच्या नावांची भिंत टेकडीवर आहे, लांबलचक, वर छप्पर, समोर मोकळं मैदान. गवंड्याने सिमेंट पुसलं आणि बाजूला झाला. मी दहा पावलं मागे गेले.

काही दिसेना.

म्हणजे दगड दिसत होता. नाव नव्हतं. कोरी पाटी. मला वाटलं डोळ्यांत पाणी आलं म्हणून. पुसलं. पुढे गेले तेव्हा अक्षरं होती, बोटाला लागत होती. मागे आले की गायब. आजूबाजूचे दादाने आणि बाबांनी कोरलेले दगड त्याच भिंतीत ठणठणीत वाचता येत होते.

गवंडी म्हणाला, "बाई, नाव उद्या येणार का?"

२० एप्रिल

दादा घरी आला. मी सांगण्याआधी वहिनींनी सांगितलं. त्या काल भिंतीवर जाऊन आल्या होत्या. "थोडा काळा रंग भरला तर?" असं मला हळूच विचारलं. मी ताटावरून उठले. एक वेळ दगड फोडीन, पण रंग भरणार नाही.

दादा ओरडेल म्हणून मी तयारीत होते. सगळी उत्तरं पाठ केली होती. तो फक्त म्हणाला, "आतल्या खोलीत बसून कोरलंस?"

"हो."

"पाणी मारलंस?"

"नाही."

"किती दिवस?"

"सतरा."

त्याने डोळे मिटून घेतले. दगडाबद्दल एक शब्द नाही! मी काय बिघडवलं याच्यापेक्षा मी त्याच्या खोलीत बसले याचं दुःख त्याला जास्त.

२८ एप्रिल

दादा काठी टेकत भिंतीवर जाऊन आला. म्हणाला, "शिरोरेघ छान आली आहे." एवढंच. टोमणा मारायचा तर उघड मारावा.

मीही मग विचारलं, "वाचता का येत नाही ते सांग."

"उजेड तिथे समोरून येतो. दिवसभर. बाजूने येतच नाही, मग खाचेत सावली पडणार कुठून? तिथला दगड दुप्पट खोल लागतो." मग दम खाऊन म्हणाला, "जागा बघितली असतीस तर कळलं असतं."

तीन महिने हा माणूस माझ्यासमोर गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारत होता आणि मी चहाचे पेले मोजत होते. पण त्यालाही एकदा सांगता आलं नाही? मला शिकवायचं होतं की मी तोंडघशी पडेन याची वाट बघायची होती?

१५ मे

टाकीला हात लावलेला नाही. दिवसभर माडीवर.

दादा आठवडाभर रोज सकाळी बाहेर जातो आणि दोन तासांनी येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे म्हणे. चालून आलेला माणूस एवढा पांढरा पडतो? आज आल्यावर पिंपापाशी बसून अर्धा तास नुसता धापा टाकत होता. वहिनी त्याच्याशी बोलत नाहीत. माझ्याशीही धड बोलत नाहीत. काही विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा दोघं भावंडं" म्हणतात. घर आहे की दवाखान्याची बाकडी, कळत नाही.

१२ जून

वर्ष झालं. सगळे भिंतीवर गेलो. मी मागे मागे राहत होते. जाऊच नये असं वाटत होतं.

पण नाव दिसलं! लांबून, पायऱ्यांवरूनच. बाबांचं अख्खं नाव, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा. माझंच अक्षर. मी तिथेच पायरीवर बसले. आठ आठवडे मी स्वतःला खात होते, आणि नवीन दगडाला फक्त थोडा वेळ हवा होता. वरची भुकटी वाऱ्याने गेली असेल, दगड मुरला असेल. दादाला म्हटलं, "पाहिलंस? दगडाला हवा लागावी लागते. तू उगीच उजेडाचं शास्त्र सांगत होतास."

"हो," तो म्हणाला. "हवा लागावी लागते." आणि हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेचना. वहिनींनी त्याला धरून खाली नेलं आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. नणंद जिंकली की भावजयीला त्रास होतोच.

उद्यापासून परत कारखान्यात.

२० जून

आज दुसरा ठसा घ्यायला भिंतीवर गेले. कपाटात एकच ठसा होता, जोडी पुरी करायची होती. घरी येऊन दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले.

जुळले नाहीत.

अक्षर तेच आहे. वळणं तीच. पण नव्या ठशातली प्रत्येक रेघ दोन्ही अंगांनी तांदळाच्या दाण्याएवढी जाड आहे. खाच खोल गेली की रुंद होतेच, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दगड मुरल्याने रेघ जाड होत नाही.

आणि तो काना, डावीकडे वळलेला. तोही वळलेलाच आहे. सरळ करणं सोपं होतं, तसाच ठेवणं अवघड. माझी चूकसुद्धा त्याने जशीच्या तशी खोल केली आहे.

परत टेकडी चढून गेले. रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "तुमचे भाऊ ना? नऊ दिवस येत होते सकाळी. स्टूल मीच द्यायचो. एक अक्षर कोरायचे, मग अर्धा तास त्या खांबाला टेकून बसायचे. मी म्हटलं, अहो, माणूस पाठवा. तर म्हणाले, हे अक्षर दुसऱ्याला जमणार नाही."

२१ जून

दोन्ही ठसे दादाच्या पलंगावर टाकले. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर करू दिलं असतंस?"

"मी केलं असतं! माझा दगड होता."

"कोरडी भिंत आहे. पाणी मारलं तर शेजारच्या दगडांवर ओघळ जातात. ती धूळ कोणाच्या तरी छातीत जाणारच होती." तो थांबला, श्वास घेतला. "माझी तर भरलेलीच आहे."

मी म्हटलं, "तुला दमा आहे."

"दमा कोणालाच नव्हता, रेघबाई. आजोबांनाही नाही आणि बाबांनाही नाही. दगड आहे हा. बाबांनी तुझ्या हातातून टाकी ओढली ना, त्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी आजोबांची छाती दाखवली होती त्यांना. घरातलं एक तरी पोर धड श्वास घेऊ दे म्हणाले."

एकदम ते हसू आठवलं आणि मी म्हटलं, "तू हसत होतास तेव्हा. मागे उभा राहून."

"हसत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून मला कारखान्यात बसवणार होते. बाबांसमोर रडायची सोय नव्हती, म्हणून तोंड वाकडं केलं."

"तू नाही म्हणायचंस."

"मला कोणी विचारलं?"

एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मी दोन्ही ठसे उचलले आणि खाली आले. सदतीस वर्षं मी ज्याचा हेवा केला ते हे होतं. मला वाचवलं म्हणून बाबांचे आभार मानायचे की याला बसवलं म्हणून त्यांचं नाव त्या भिंतीवरून खरवडून काढायचं? इतक्या मायेने मी कोणाचं नाव कोरलं? आणि आता तर ते नीट वाचताही येतं.

२४ जून

डॉक्टरांना विचारलं, ते नऊ दिवस... ते म्हणाले, "नऊ दिवसांनी काही झालेलं नाही, हे पस्तीस वर्षांचं आहे." चांगला माणूस आहे. मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करते आहे. वहिनी ठेवत नाहीत आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

७ जुलै

परवा दादा म्हणाला, "माझा दगड आत्ताच कर."

मी म्हटलं, "वेड लागलंय का?"

"मेल्यावर तुझ्या चुका कोण काढणार?"

वहिनी भांडं आपटून आत गेल्या. जिवंत माणसाचा दगड! दोन दिवस अंगणात फिरकल्या नाहीत. मग आज दोघांचा चहा आणून पिंपावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अक्षर मोठं घ्या. त्यांना लांबूनच ओळखता यायला हवं मला."

मी वही काढली, तर दादा खुर्चीतून म्हणाला, "नाव माहीत आहे तुला. आधी जागा."

९ जुलै

भिंतीवर सकाळी नऊला, दुपारी बाराला, चारला. बाबांशेजारची जागा रिकामी आहे. नुसती उभी राहिले. बाराला पाच मिनिटं वाटलं की बाजूने जरा उजेड येतोय, पण तो बाजूच्या एका छपराच्या पत्र्यावरून उलटून आलेला होता. त्यावर विसंबता येणार नाही. खोल कोरावं लागणार.

परत येताना चहाच्या दुकानात बसले. दुकानदाराने न विचारता दोन बिस्किटं ठेवली. म्हणाला, "साहेब नेहमी इथेच बसायचे. चढ एका दमात चढवायचा नाही त्यांना."

३० जुलै

अंगणात, पत्र्याखाली, दगड ओला. गेरू धुऊन गेला की परत आखते. एका अक्षराला दोन दिवस लागतात. लागू देत. तोंडाला ओलं फडकं, दादाची सक्ती. तो दारात खुर्ची टाकून बसतो, नळी नाकाला, आणि तिथून बोलतो.

"वेलांटी भित्री आहे."

"पोट पुढे आलंय त्या अक्षराचं. मी असा होतो का?"

"मार. अजून मार. मला लागत नाही."

शेवटचं बोलल्यावर मला टाकी खाली ठेवावी लागली. तो म्हणाला, "पाणी मार दगडावर, डोळ्यांतलं नको, खारं असतं." असले विनोद करायला छातीत हवा कुठून येते याच्या!

१७ ऑगस्ट

शिरोरेघ झाली. दादाने बोट फिरवून पाहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मग एका कान्याशी थांबला. डावीकडे वळला होता, परत. मी म्हटलं, "सरळ करते."

"राहू दे. कोणी कोरलं ते कळायला हवं."

खाली तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. मी तिकडे बघत नव्हते. तो म्हणाला, "आकडे सोपे असतात. ते तू एकटी करशील."

२५ सप्टेंबर

आज आकडे कोरले. आतल्या खोलीला मी कुलूप घातलं आहे. अंगणातच बसले. दारात खुर्ची तशीच आहे, वहिनींना ती उचलवत नाही आणि मलाही नाही.

सकाळपासून कारखान्यात कोणी बोललं नाही. मधेच मी मान वर करून विचारणार होते, बरोबर आहे का म्हणून. सवय. फार राग आला, कोणावर ते कळेना. बाबांवर, त्याच्यावर, त्या अकरा वर्षांच्या पोरीवर.

सगळे आकडे झाल्यावर दगड उभा केला, खिडकीच्या उजेडात नाही, अंगणाच्या मोकळ्या बाजूला तोंड करून, समोरून उजेड येईल असा. दहा पावलं मागे गेले. बाकी सगळं वाचता येत होतं. सात उथळ होता.

दगड आडवा केला, ओला केला, आणि सात पुन्हा कोरायला घेतला.